ऊन सासरा, पाऊस मामा, वारा धाकटा दीर

विषय : ऊन, पाऊस व वारा यांचे स्वभाव राजमुकुटात जमा झाल्याबाबत आणि ते ज्याचे त्याला परत मिळाल्याबाबत.

उपरोक्त विषयी वस्तुस्थिती खालीलप्रमाणे आहे.

एका राज्यात यथार्थसेन नावाचा राजा राज्य करीत होता. राज्याच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मध्ये दोन्ही दिसू नयेत एवढा मोठा राजवाडा. राजा वाईट नव्हता. वाईट राजाला निदान एखादा उद्योग असतो. याला तोही नव्हता. लोक आपल्याविषयी काय बोलतात ते ऐकत तो दिवस काढी, आणि लोक त्याच्याविषयी काहीच बोलत नसत.

लोक बोलत ते उन्हापावसाविषयी. त्या राज्याची रीतच तशी होती. ऊन म्हणजे सासरा, पाऊस म्हणजे मामा आणि वारा म्हणजे घरातल्या बायकांचा धाकटा दीर. "सासरेबुवा तापलेत गं, पदर घे डोक्यावर." "मामा यंदा रुसले वाटतं." "भावजींनी पुन्हा वाळवण उडवलं, मेले कुठले!" थंडी पाहुणी म्हणून येई आणि पाहुणीसारखीच जायचे नाव घेत नसे. डोंगर धुक्याची शाल ओढून उशिरापर्यंत लोळे, आणि लोक त्याला आळशी म्हणत. डोंगराने कधी तक्रार केली नाही.

राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत ऐन वेळी पाऊस आला. सगळ्या माना राजाकडून वर वळल्या. एक म्हातारी कौतुकाने म्हणाली, "बघा, मामा न बोलावता आला. आपलं माणूस हे असं असतं." राजाने ते ऐकले. तो हत्तीवर होता, चिंब भिजला होता, आणि त्याच्याकडे हत्तीखेरीज कुणाचे लक्ष नव्हते.

दुसऱ्या दिवशी राजाज्ञा निघाली : ज्याला जीव नाही त्याला स्वभाव नाही. सबब ऊन, पाऊस, वारा इत्यादींस माणसाचे गुण, अवगुण व नाती लावून कोणीही बोलू नये.

लोक आज्ञाधारक होते. बाजारात लोक एकमेकांना सांगू लागले, "आज आकाशात उष्णता आढळली." पण जीभ सवयीची गुलाम. कुणाचे छप्पर उडाले की तोंडातून "मेला वारा" निघून जाईच. तेव्हा राजाने शुष्कनाथ नावाच्या मांत्रिकाला बोलावले. तो म्हणाला, "महाराज, बोलणे थांबवून काय होणार? ज्याविषयी बोलतात तेच काढून घेतो."

शुष्कनाथ डोंगरावर गेला. त्याने चिमट्याने उन्हातला राग उपसला. थंड झाल्यावर त्याचे माणिक झाले. चाळणीत पावसाचा रुसवा धरला. त्याचा मोती झाला. वाऱ्याची खोडी मुठीत येता येईना, पण शेवटी तीही आली आणि तिचा पाचू झाला. तिन्ही रत्ने मुकुटात बसवून तो म्हणाला, "एक बाब नजरेस आणून देतो. जे डोक्यावर बसते, ते डोक्यात शिरते."

"पाहिले," असे राजा म्हणाला, आणि त्याने पाहिले नाही.

त्या दिवसापासून राज्यात ऊन पडे, पण तापेना. पापड वाळत घालावेत तर ते तसेच ओले, शरमल्यासारखे पडून राहत. ढग डोक्यावर उभे, पण बरसत नव्हते आणि जातही नव्हते. वाऱ्याला कुठे जावेसेच वाटेना. आणि राजवाड्यात राजा दुपारी तापू लागला, तिन्हीसांजेला रुसू लागला आणि सकाळी खोड्या काढू लागला. दरबारी लोक देवडीवर एकमेकांना विचारीत, "आज महाराज कसे आहेत?"

"सकाळी थोडे सुटलेत. दुपारी कडक होतील. संध्याकाळी मळभ."

राजाविषयी असे बोलू नये, अशी आज्ञा कुठेच नव्हती.

बंदरावर रायाजी नाखव्याची बायको धुरपा राहत होती. अंगाने काटक, तोंडाने फाटकी. रायाजीचे गलबत परदेशची खेप करून आले आणि बंदराच्या तोंडाशी थांबले. तिथे पाण्याला बाहेरची ओढ होती. शिडात वारा भरला तरच गलबत ती ओढ तोडून आत येई, आणि वारा तर मुकुटात. धुरपाचा भाऊ होडी वल्हवत पाणी घेऊन गेला. तोही परत येऊ शकला नाही, आणि आता तिकडे पाणी पिणारे तोंड एकाने वाढले होते. धुरपा रोज धक्क्यावर उभी राही. नवरा दिसे. हात हलवी. मध्ये चार हाकांचे पाणी.

एका सकाळी गलबतावरून एक काळा, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल पक्षी उडत आला आणि तिच्या कुंपणावर बसला.

"धुरपा तूच?" पक्ष्याने विचारले.

"मीच. आपण?"

"कोतवाल. नाखव्याचा निरोप आहे. पाणी तळाला गेलं. संपलं की डोलकाठीवर पालथी घागर टांगणार. मग एक दिवस, फार तर दीड."

धुरपा तडक राजवाड्यावर गेली. देवडीवरच्या कारकुनाने तिला सकाळभर उभे केले.

"काय काम?"

"वारा येत नाही."

"येत नाही म्हणजे? त्याला पाय आहेत? 'वायूचे वहन आढळून येत नाही' असं म्हणा. आणि अडचण काय?"

"नवरा मरतोय."

"ते तसंच म्हटलं तर चालेल," कारकून म्हणाला. "नवऱ्याला जीव असतो."

धुरपा पायरीवर येऊन बसली. कोतवाल समोरच्या कमानीवर होता. त्याने मान तिरपी केली.

"अर्जाने वारा सुटत नसतो, बाई. तो आत आहे, राजाच्या डोक्यावर. शुष्कनाथ रत्नं बसवत होता तेव्हा मी तुळईवर होतो. त्याने पुटपुटत तीन कामं सांगितली. दुपारी राजाचा राग सोसायचा. संध्याकाळी त्याचा रुसवा काढायचा. सकाळी त्याच्या खोडीला पुरून उरायचं. ज्याचं काम होईल त्याचं रत्न गळून पडेल."

"राग तर इथे सगळेच सोसतात."

"भिऊन सोसतात. भिऊन केलेलं धरत नाहीत. घरच्या माणसाचं सोसावं तसं सोसायला हवं. आजची सकाळ तू कारकुनापुढे घालवलीस. दुपार झालीय."

धुरपाने जवळच्या घरातून कैरीच्या पन्ह्याची घागर मागून घेतली, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर, आणि ती आत गेली. तिला कुणी अडवले नाही, कारण पहारेकरी खांबांआड होते. राजा तापला होता.

"कोण ही? कुणी सोडलं हिला? हत्तीच्या पायी द्या! प्रधान कुठे आहे? त्यालाही द्या!"

धुरपाने घागर उतरवली, डोक्यावरून पदर घेतला आणि सिंहासनापासून जरा बाजूला, भिंतीच्या सावलीत बसली. सासऱ्यापुढे उलट बोलत नाहीत. पळूनही जात नाहीत. बसून राहतात आणि पाणी तयार ठेवतात. राजा ओरडला, तिने ऐकले. त्याने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिसऱ्या पिढीविषयी त्याचे म्हणणे बरोबर आहे असे तिला वाटले, म्हणून तिने मान डोलावली. अखेरीस राजाचा आवाज बसला.

"झालं?" धुरपाने मऊपणाने विचारले. "घसा कोरडा पडला असेल. घ्या."

"यात विष असेल!"

"पन्ह्यात गूळ कमी पडला तर सासरा वर्षभर ऐकवतो. विष कुठून परवडायचं?"

राजाने पेला घेतला, एका दमात संपवला आणि पुढे केला. तिने पुन्हा भरला. तेवढ्यात मुकुटातले माणिक टपकन तिच्या ओच्यात पडले, निखाऱ्यासारखे लाल झाले आणि खिडकीतून वर गेले. बाहेर अंगणातले पहारेकरी एकदम उड्या मारू लागले. फरशी तापली होती. "चटका!" ते आनंदाने ओरडत होते. "चटका बसला!"

धुरपा खिडकीशी गेली, तो कोतवाल आलाच.

"उत्तम झालं," तो म्हणाला. "पण ऊन गलबतावरही पडतं. तिकडे आता दुप्पट तहान लागलीय."

धुरपाचा चेहरा उतरला. पण अर्धवट सोडून चालण्यासारखे ते काम नव्हते.

दिवस कलला तसा राजा रुसला. त्याने सिंहासन फिरवून घेतले आणि भिंतीकडे तोंड करून बसला. प्रधानाने लाडू पाठवले, परत आले. गवई पाठवला, तोही परत आला. धुरपाने प्रधानाला विचारले, "तुमच्याकडे लग्नात व्याही रुसला तर काय करता?"

"मागेल ते देतो."

"म्हणून तुमचे व्याही रोज रुसतात. पंगत मांडा. सगळ्यांनी बसायचं. पानं वाढायची. आणि मानाच्या पानावर माणूस बसल्याशिवाय कुणी घासाला हात लावायचा नाही."

पंगत बसली. वरणभातावर तूप पडले, वास दरवळला. मधले पान रिकामे. सगळा दरबार हात मांडीवर ठेवून त्या रिकाम्या पानाकडे पाहत राहिला. सेनापतीच्या पोटाने रणशिंग फुंकले.

"मला भूक नाही," राजा भिंतीला म्हणाला.

"कोण म्हणतं आहे म्हणून?" धुरपा म्हणाली. "पंगत अडलीय, एवढंच."

"अडू दे. माझ्यावाचून कुणाचं अडत नाही."

"अडलंय की. सेनापतींना विचारा."

मग राजा हळूच म्हणाला, "तुम्ही पावसाला मामा म्हणता. मला कुणी काही म्हटलं आहे कधी?"

प्रधान उत्तर जुळवू लागला. धुरपाने त्याला हाताने गप्प केले. ती उठून राजाच्या मागे जाऊन बसली.

"महाराज, पाऊस आमच्या चुलीत गळतो. सरपण भिजवतो. लेकीच्या लग्नात मांडव पाडतो. आम्ही त्याला शिव्या देतो, तो पुन्हा येतो. असा शिव्या खाऊन खाऊन तो मामा झाला. तुम्ही आमच्या घरी कधी गळलात?"

राजाने मान वळवली. "नाही."

"या एकदा. न सांगता या, जेवायच्या वेळेला या. शिव्या मी देईन, माझ्याकडे भरपूर आहेत."

राजा हसला. त्याला ते नीट जमले नाही, हसता हसता डोळ्यांतून पाणी आले, आणि तो उठून मानाच्या पानावर बसला. मोती गळून आमटीत पडला, विरघळला, आणि पहिला घास तोंडात जायच्या आत छपरावर पाऊस वाजू लागला. भोजनशाळा जागोजागी गळू लागली. लोकांनी पाने सरकवली आणि मामाला तोंडभर शिव्या दिल्या. राजा मोठ्या अगत्याने ऐकत होता. पद्धत शिकून घेत असावा.

धुरपाने मात्र पान सोडून गच्ची गाठली. पाऊस पडत होता तो फक्त राजवाड्यावर आणि शहरावर. ढग जिथे उभे होते तिथेच रिते होत होते. त्यांना समुद्रावर ढकलणारे कुणी नव्हते. बंदराच्या तोंडावरचे आकाश कोरडे ठणठणीत होते.

सकाळी ती गच्चीवर आली तेव्हा डोलकाठीवर काहीतरी लोंबत होते. तिने डोळे बारीक केले. घागर होती, आणि पालथी होती.

कोतवालाने सांगायची गरज नव्हती, तरी त्याने सांगितले. "रायाजी झोपून आहे. हाकेला ओ देतो, पण उशिरा."

धुरपा धावत दरबारात आली. राजाच्या अंगात वाऱ्याची खोडी संचारली होती. प्रधानाची पगडी झुंबरावर होती. दौती पालथ्या होत्या. दफ्तरातले कागद राजाने मुठीमुठीने उधळले होते आणि मुनशी ते गोळा करीत रांगत होते. राजा खांबाआडून डोकावत होता. काल रात्री जेवताना ज्याने धुरपाला शेजारी बसवले, तो हा नव्हेच.

आणि इथे धुरपाने चूक केली. काल दुपारी ती भ्याली नव्हती, संध्याकाळी भ्याली नव्हती. आता घागर पाहून तिचे काळीज पाण्याचे झाले होते. तिने राजाचे पाय धरले.

"महाराज, आपण मायबाप. दया करावी. माझा धनी तहानेने मरतोय. एवढा पाचू सोडावा. आपल्या पाया पडते."

पाचू सुटला तर नाहीच, उलट करकर आवाज करीत मुकुटात आणखी खोल रुतला. राजाने तिने कमरेला खोचलेली चुंबळ हिसकावली, स्वतःच्या नाकावर ठेवून दाखवली आणि तो दुसऱ्या खांबाआड पळाला.

कोतवाल तुळईवरून ओरडला, "दिराच्या कुणी पाया पडतं का, बाई!"

धुरपा गुडघ्यांवरच थांबली. पक्ष्याचे खरे होते. वाळवण उडवणाऱ्या वाऱ्यापुढे बंदरावरच्या कुठल्या बाईने कधी हात जोडले होते? दीर खोडी काढतो ती वहिनीने मागे लागावे म्हणून. विनवणी केली की तो आणखी चेकाळतो. लाटणे घेऊन धावले की वठणीवर येतो.

पण खांबाजवळ जल्लाद उभा होता. महाराजांना जो एकेरी हाक मारील त्याची जीभ जागच्या जागी छाटावी, हा त्या राज्यातला सर्वांत जुना नियम. जल्लादाला बरेच दिवस काम नव्हते. तो सुरीची धार अंगठ्यावर पाहत होता.

धुरपाने खिडकीतून गलबताकडे पाहिले. जिभेशिवाय संसार होतो, तिने मनाशी ठरवले. शेजारणीच्या मते तर फारच चांगला होतो. नवऱ्याशिवाय मात्र तिला करायचा नव्हता.

ती उठली, पदर खोचला आणि भिंतीला टेकवलेला झाडू उचलला.

"ए मेल्या! टाक ती चुंबळ! टाकतोस का घालू पाठीत?"

दरबार गारठला. राजाचे डोळे चमकले. "धर की मला!"

"थांब, तुझ्या भावाला सांगते! दाढीमिशा आल्या, अक्कल कधी यायची? उभा राहा म्हणते ना!"

राजा पळाला. धुरपा मागे. सिंहासनाला फेरी झाली, प्रधानाला फेरी झाली. राजा कचेरीतून गेला, मुदपाकखान्यातून गेला, ताकाची कळशी लवंडून पुन्हा दरबारात आला, धापा टाकीत, लहान पोरासारखा खिदळत. त्याला जन्मात कुणी पकडायला धावले नव्हते. धुरपाने नेम धरून झाडू फेकला. तो राजाच्या पाठीत बसला, मुकुट उडाला, फरशीवर गरगरत गेला, आणि पाचू सुटून उंबऱ्यापर्यंत घरंगळला. तिथे तो हिरवाजर्द झाला आणि नाहीसा झाला.

क्षणभर काहीच झाले नाही. मग सगळे दरवाजे एकदम धाडकन आपटले. कागद उठले. पडदे उठले. झुंबरावरची पगडी उठून जल्लादाच्या तोंडावर बसली. डोक्यावरचे ढग, इतके दिवस ठोकून ठेवलेले, ढकलाढकली करीत समुद्राकडे निघाले.

जल्लादाने पगडी बाजूला केली आणि अदबीने विचारले, "महाराज, जीभ केव्हा छाटायची?"

राजा फरशीवर बसून पाठ चोळत होता. त्याचे डोके उघडे होते आणि चेहरा पुष्कळ दिवसांनी साध्या माणसासारखा दिसत होता.

"कुणाची?" राजाने विचारले. "वहिनीची?"

जल्लादाने सुरी म्यान केली.

धुरपा हे ऐकायला थांबली नव्हती. ती धक्क्यावर पोहोचली तेव्हा समुद्रावर सर आली होती आणि गलबतावरची माणसे तोंडे वर करून उभी होती. शीड एकदा फडफडले, दुसऱ्यांदा फुगले. गलबत त्या ओढीतून कण्हत कण्हत वळले आणि आत आले. रायाजीला दोघांनी धरून उतरवले. त्याचे ओठ फुटले होते. धुरपाने पदर पावसात भिजवून त्याच्या तोंडात पिळला. तिसऱ्या पिळ्याला त्याने डोळे उघडले.

"किती उशीर," तो पुटपुटला. "होतीस कुठे?"

"दिराच्या मागे लागले होते."

रायाजीने विचार केला. "सापडला?"

"पाठीत झाडू बसला तेव्हा सापडला," धुरपा म्हणाली, आणि मग तिने इतक्या दिवसांचे राहिलेले रडून घेतले. पाऊस होता, त्यामुळे कुणाला कळले नाही, रायाजीला मात्र कळले.

येणेप्रमाणे मंत्र उतरला. ऊन पुन्हा तापू लागले, पाऊस वेळेवर रुसू लागला, वारा वाळवणे उडवू लागला. राजा दुपारी शांत झोपू लागला. महिन्यातून एकदा तो न सांगता बंदरावर जेवायला येतो आणि वरणात मीठ कमी आहे म्हणतो. धुरपा त्याला जे बोलते ते येथे नमूद करण्याजोगे नाही. शुष्कनाथ त्या पावसात भिजून आजारी पडला. वैद्याने विचारले, काय होते? तो म्हणाला, "मेली थंडी हाडात शिरून बसलीय, हाकललं तरी जात नाही." वैद्याने मूळ राजाज्ञेकडे त्याचे लक्ष वेधले. मांत्रिक त्याच दिवशी राज्य सोडून गेला.

राजाज्ञा मात्र कायम होती. ती रद्द करतो असे राजाने भर दरबारात सांगितले. तेव्हा प्रधानाने हात जोडून निवेदन केले, की निघालेली आज्ञा दफ्तराची होते; ती रद्द व्हायची तर बाधितांचा अर्ज हवा, आणि या प्रकरणी बाधित म्हणजे ऊन, पाऊस व वारा. राजाने त्या तिघांचा आप्त या नात्याने स्वतः अर्ज लिहिला आणि देवडीवर रांगेत उभे राहून दिला. कारकुनाने तो तपासून घेतला. अर्जदाराचे बाधितांशी नेमके नाते काय, आणि वारा सध्या राहतो कुठे, या दोन मुद्द्यांवर खुलासा मागवण्यात आला आहे. राजाने खुलासा सादर केला आहे. दरम्यान लोक वाटेल ते बोलत आहेत.

अर्ज विचाराधीन आहे.